कपाट चिन्हावर उभी राहिले तेव्हा

आमच्या प्रभागाच्या मतदार यादीत साडेसहाशेच्या आसपास नावं आहेत, आणि त्यातली दीडशेच्या वर माणसं गावात राहत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कुठल्याही गावात जा, थोड्याफार फरकानं हीच तऱ्हा. विट्याच्या आसपासची आणि आटपाडीकडची दुष्काळी गावं. इथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात बाहेर पडली ती देशभर पसरली. कोईमतूर, मदुराई, कोची, हैदराबाद, कोलकाता, वाराणसी, कुठंही जा, सोनारपेठेच्या मागच्या बोळात आमच्याकडचं कुणीतरी भट्टी लावून बसलेलं सापडतं. घर इकडं, देवळाची वर्गणी इकडं, पोरांची लग्नं इकडं. पोट तेवढं तिकडं. आणि मतदार यादीतलं नाव इकडंच. त्यामुळं आमच्याकडची ग्रामपंचायत म्हणजे अर्धी निवडणूक पायी आणि अर्धी फोनवर.

२०२२च्या डिसेंबरात मी सदस्यपदाला उभी होते. गावात आमची पिठाची गिरणी आहे. मालक, म्हणजे आमचे यजमान, शेती बघतात, गिरणी मी चालवते. लग्नानंतर काही वर्षं मीही कोईमतूरला काढली, दिराच्या दुकानावरच्या खोलीत. थोरल्याची शाळा आली तेव्हा परत आलो.

आमच्या प्रभागात तीन जागा. त्यातली एक सर्वसाधारण महिला निघाली तेव्हा पॅनेलची मंडळी आमच्या ओसरीवर आली आणि मालकांना म्हणाली, "वहिनींना उभं करू." वहिनी, म्हणजे मी, तीन हात अंतरावर उभी राहून ज्वारी पाखडत होती. तिला कुणी विचारलं नाही. रात्री मालकांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, विचार करून सांगते. सकाळी हो म्हटलं. गिरणीपुढनं जी गटार वाहते ती गेली दोन पंचवार्षिक 'मंजूर' आहे, आणि ते पाणी तुडवून बायका दळण घेऊन येतात. कारण म्हणाल तर तेवढंच. समाजसेवा वगैरे शब्द पॅम्प्लेटवर दुसऱ्यांनी घातले.

कागद गोळा करणं हा वेगळाच प्रचार असतो. घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापरत असल्याचा दाखला, मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं घोषणापत्र, १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनांपेक्षा जास्त अपत्यं नसल्याचं लिहून देणं, आणि खर्चासाठी बँकेत नवं कोरं खातं. यातल्या पहिल्याच दाखल्याला अडलं. आमचं घर अजून आजेसासऱ्यांच्या नावावर, आणि त्यात चुलत सासऱ्यांचा वाटा. त्यांच्या वाट्याची घरपट्टी कित्येक वर्षं थकलेली. ते म्हणाले, "तुला उभं राहायचंय, तू भर." भरली. मत मागायला बाहेर पडायच्या आधीच भावकीची बाकी माझ्या पदरात पडली.

अर्जाची मुदत २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर. अर्ज संगणकावर भरायचा, मग त्याची प्रत घेऊन विट्याला तहसीलला. शेवटच्या दिवशी कागदी अर्जही घेऊ लागले आणि वेळ साडेपाचपर्यंत वाढवली, तेव्हा कुठं आवारातल्या गर्दीनं श्वास सोडला. ५ तारखेला छाननी झाली. ७ तारखेला दुपारी तीनपर्यंत माघार. माघारीचे ते दोन दिवस कुणाच्या घरी कोण बसलंय याच्या बातम्या गिरणीत येत राहिल्या. आमच्या जागेवरची तिसरी बाई पावणेतीनला सही करून मोकळी झाली. राहिलो दोघी. मी आणि भावकीनं माझी थोरली जाऊ लागणारी आक्का. आडनाव एकच, गल्ली एकच, लग्नात एकमेकींना हळद लावलेली.

ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात. पॅनेल असतं, आणि कुठलं पॅनेल कुणाचं हे शेंबडं पोरगंही सांगतं. आयोगाची मोकळी चिन्हं वाटून देतात. आक्काला शिट्टी मिळाली, मला कपाट.

हे जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण बाहेरच्याला वाटेल की चिन्हात काय एवढं. शिट्टी पाच रुपयाला मिळते. त्याच संध्याकाळी आक्काच्या माणसांनी पोतंभर शिट्ट्या आणून शाळा सुटायच्या वेळी पोरांत वाटल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून सबंध प्रभागात फुर्र फुर्र. पोरं फुकटचा प्रचार करत होती आणि कुत्री साथ देत होती. माझा धाकटासुद्धा एक घेऊन आला. त्याला काय सांगणार? आणि कपाटाचं करायचं काय? ते कुणाच्या हातात देता येत नाही, वाजत नाही, खिशात मावत नाही. पॅम्प्लेटवर छापलेलं ते चित्र बघून थोरल्या मळ्यातली एक आजी म्हणाली, "ह्यो फ्रीज व्हय गं तुझा?" दुसरीला ते दार वाटलं. शेवटी आमच्या पोरांनी एक जुनं लोखंडी कपाट टेंपोत उभं करून गावातनं फिरवलं. चढावर ते आडवं झालं आणि आरसा फुटला. विरोधकांनी ती गोष्ट जितकी सांगितली तितकी आमची आम्हालाही सांगता आली नसती. चिन्ह मात्र त्या दिवशी घराघरात पोचलं.

दिवस साधारण असा जायचा. पहाटे उठून भाकरी, जनावरं मालकांकडं, आणि आठपर्यंत गिरणी. गिरणी बंद ठेवली असती तर "निवडून यायच्या आधीच हिला मस्ती आली" झालं असतं. चालू ठेवली तर प्रचाराला वेळ नाही. म्हणून सकाळचं दळण मी घ्यायची आणि दुपारचं सासूबाई. आठनंतर गल्ल्या. अकराच्या पुढं गावात म्हातारी माणसं सोडून कुणी नसतं, म्हणून मळ्यातल्या वस्त्या. टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून आमच्याकडंही ऊस दिसायला लागलाय, बाकी शाळू, थोडी द्राक्षं. बायका द्राक्षबागेत विरळणीला गेलेल्या असायच्या. तिथं जाऊन मत मागायचं तर त्यांच्या हातातली कात्री थांबवायची नाही, हे मला पहिल्या दिवशी कळलं. त्यांचा रोज बुडवून मी कोण मोठी? मग मीही एक कात्री घ्यायची आणि ओळीनं बोलत जायची. पॅनेलच्या पोरांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटायचा. त्यांचा हिशेब घरांचा. एका तासात किती घरं 'झाली'.

घरटी चहा. नाही म्हटलं की "आमचा च्या चालत न्हाई व्हय?" आणि मत गेलं. मी "अर्धाच" म्हणायला लागले, तर अर्ध्याचा कप भरून यायचा, कारण उमेदवाराला अर्धा कप देणं हा घराचा कमीपणा. दुपारनंतर पोटात नुसती जळजळ. एका काकूंनी ओळखलं आणि न विचारता ताक पुढं केलं. त्या काकूंनी मत मला दिलं नसेल तरी माझी तक्रार नाही.

लोक बोलतात ते विकासावर नव्हे. आम्ही पॅनेलनं रस्ता, दिवे, पाणी, गटार असा जाहीरनामा छापला होता. तो कुणी वाचून दाखव म्हणालं नाही. निघायचं ते असं: तुझ्या सासऱ्यानं आमच्या बांधावरची बाभळ तोडली होती. तुझ्या नणंदेच्या लग्नात आम्हाला मान दिला नाही. अमक्या सालच्या पाणीटंचाईत टँकर तुमच्या दारात आधी थांबायचा. मी त्या सालात माहेरी पाचवीत होते. पण उमेदवार झालं की घराण्याचं सगळं जुनं येणं-देणं उमेदवाराच्या खात्यावर चढतं. ऐकून घ्यायचं. मधे बोलायचं नाही. एकदा मालक मधे बोलले, "ती बाभळ आमचीच होती." तिथून पुढं ज्या घरी बाभळीसारखं काही असेल तिथं मी त्यांना नेलं नाही.

गिरणीवरही बोट ठेवलंच. "दळणात पीठ मारती" अशी कुजबुज आली. मी काही बोलले नाही. वजनकाटा उंबऱ्यावर आणून ठेवला. येणारीनं दाणे मोजावे, जाताना पीठ मोजावं. चार दिवसांनी सगळ्यांना कंटाळा आला.

मार्गशीर्ष चालू होता. १५ तारखेला गुरुवार, मतदान रविवारी १८ला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी घरोघरी लक्ष्मीचा घट असतो, सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावतात. पुरुषांच्या पॅनेलला या दिवसाचं महत्त्व कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांनी दोन्हीकडच्या उमेदवार बायकांना त्या संध्याकाळी मोकळं सोडलं. एका घरी आम्ही दोघी एकाच वेळी पोचलो. मी आणि आक्का. घरची सून दारात घोटाळली, कुणाला आधी आत घ्यावं. तिच्या सासूनं आतून आवाज दिला, "दोघीस्नीबी पाटावर बशीव, इलिक्शन भाईर." बसलो शेजारी शेजारी. आधी आक्काला कुंकू लावलं, ती थोरली म्हणून. मग मला. एकेक केळं, एकेक कहाणीचं पुस्तक. माझ्या पिशवीत माझी पॅम्प्लेटं, तिच्या पिशवीत तिची. कुणी हात घातला नाही. कहाणी संपेपर्यंत आक्काच्या ब्लाऊजचा हुक सुटलेला होता, तो मी लावून दिला. बाहेर पडल्यावर ती डावीकडं गेली, मी उजवीकडं, आणि पाठीमागं पोरांची शिट्टी चालू झाली.

आता मशीनचं. सरपंच थेट लोकांतून निवडायचा, हे २०१७ला आलं, २०२०ला गेलं आणि २०२२ला परत आलं. त्यामुळं प्रत्येक मतदाराला आमच्या प्रभागात चार मतं द्यायची होती: एक सरपंचाला, तीन सदस्यांना. मतपत्रिकेचा सरपंचाचा कागद फिकट निळा, ओबीसी जागेचा फिकट पिवळा, सर्वसाधारणचे पांढरे. आमच्याकडं पांढरे दोन, आणि माझी जागा सगळ्यात शेवटी. चारही ठिकाणी बटण दाबल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. कुणीच नको असेल तर त्या जागेचं नोटा दाबायचं, पण दाबायचं. सगळी झाली की मशीन मोठ्यानं वाजतं.

हे शिकवण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. विट्यातल्या छापखान्यातनं पुठ्ठ्याचं डमी मशीन आणलं होतं, सेल घातला की पीं वाजणारं. म्हाताऱ्या बायका निळ्यावरचं एक बटण दाबायच्या, मशीनला हात जोडायच्या आणि "झालं" म्हणायच्या. "आजी, अजून तीन." "एकाच माणसाला किती मतं देऊ?" मी परत पहिल्यापासून. एका आजीनं पिवळ्यावरचं दाबलं, पहिल्या पांढऱ्यावरचं दाबलं आणि मला म्हणाली, "आता तुझं ऱ्हाऊ दे, दमले." सगळे हसले. मीही हसले. खरं तर तेव्हाच पोटात गोळा आला होता. थेट सरपंच आल्यापासून पॅनेलचा पैसा, पोरं, भोंगा, बॅनर सगळं सरपंचाभोवती फिरतं. आम्ही सदस्य म्हणजे बॅनरच्या तळाला बारीक अक्षरातली ओळ. त्यातही माझ्या नावापुढं मालकांचं नाव माझ्या नावापेक्षा ठळक छापलेलं. सरपंचासाठी आलेला माणूस चौथ्या बटणापर्यंत लक्ष देऊन पोचेल याची हमी कुणाला?

रात्री नऊनंतर फोन. तिकडं दुकानं बंद व्हायची तीच वेळ. पॅनेलची माणसं आमच्या ओसरीवर यादी मांडीवर घेऊन बसायची आणि एकेका नावापुढं खूण करायची. "हे मदुराईचं घर, चार मतं. हे कोचीचं, तीन." फोन लागला की गडी माणसाशीच बोलणं. येतोय का, कधी निघतोस, कुणाबरोबर. उत्तर बहुतेक ठरलेलं: "मी येतो. मंडळी न्हाई येणार, पोरांच्या परीक्षा हायत." तमिळनाडूत नाताळाच्या सुट्टीआधी शाळांची सहामाही असते, हे मला तिथं राहून माहीत होतं. १८ डिसेंबर म्हणजे नेमका परीक्षेच्या मधला रविवार. चार मतांचं घर एका मतावर यायचं आणि यादी धरलेला माणूस शांतपणे चारवर खूण करायचा.

मी म्हटलं, बायकांना मी फोन करते. नंबर माझ्याकडं होतेच. कोईमतूरच्या दिवसांतल्या कितीतरी जणी, एकमेकींच्या खोल्यांत पापड लाटलेल्या. त्यांनी मला गटारीचं काही विचारलं नाही. विचारलं ते त्यांच्या बंद घराचं. माझ्या घराचा पत्रा जाग्यावर हाय का? तुळस जगलीय का? सासूबाई फोनवर ठीक हाय म्हणतात, जेवतात का खरं सांग. नळाला पाणी किती वाजता येतं आता? मग मी वस्तीवर जाता-येता कुलूपबंद घरांपुढं थांबायला लागले आणि फोटो काढून पाठवायला लागले. कुलूप, ओसरी, तुळशीवृंदावन, परड्यातला आंबा. त्या बायका ते फोटो मोठे करून करून बघायच्या. "त्या कोपऱ्यात ओल दिसती का गं?"

याच फोटोंनी घोळ घातला. मदुराईच्या एकीनं फोटो बघून लगेच फोन केला. तिच्या ओसरीवर कडब्याची गंज रचलेली होती, छतापर्यंत. मला ती दिसली होती, पण कुणाची हे ध्यानात आलं नव्हतं. तिला एका नजरेत कळलं, कारण शेजारी कोण हे तिला ठाऊक. तो आमच्याच पॅनेलचा, रोज माझ्या पुढं झेंडा घेऊन चालणारा. तिनं थेट त्याच्या बायकोला फोन लावला आणि काय बोलायचं ते बोलली. रात्री ओसरीवर तो तोंड फुगवून बसलेला. म्हणाला, "वैनी, तुम्ही मतं मागताय का पंचनामं करताय?" बाकीच्यांनी मला समजावलं, आता फोटो काढायचं बंद करा. मी म्हटलं, कडबा काढा, मग बंद करते. दोन दिवस तो प्रचाराला आला नाही. तिसऱ्या पहाटे कडबा हलला. ती मदुराईवाली मतदानाच्या आदल्या दिवशी एकटीच आली, नवऱ्याला पोरांजवळ ठेवून. बंगळुरूपर्यंत एका गाडीनं आणि तिथनं राणी चन्नम्मानं मिरजेला. ओसरी सारवल्यागत धुऊन काढली, दोन दिवस राहिली आणि गेली. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

येण्या-जाण्याच्या तिकिटांचं कोण बघणार, हाही विषय ओसरीवर निघायचा. मी चहाचा ट्रे घेऊन आले की थांबायचा. मतदारांना गाडी, भाडं, जेवण यातलं काय चालत नाही हे अर्जाबरोबर मिळालेल्या कागदांत मी वाचलं होतं, आणि ते मी एकदा बोलले. "वहिनी, तुम्ही काळजी करू नका," असं उत्तर आलं. गावाकडं याचा अर्थ 'तुम्ही आत जा' असा होतो. उमेदवार मी, ओसरी माझी, सही माझी, खातं माझ्या नावावरचं, आणि मी आत आधण ठेवतेय. दुसऱ्या रात्री सासूबाई स्वतः ट्रे घेऊन बाहेर आल्या. मी दारात उभी होते. मला म्हणाल्या, "बस तू हितं, च्या मी बघतो." आणि कोपऱ्यातली खुर्ची ओढून दिली. कुणी काही बोललं नाही. त्या रात्री तिकिटांचा विषय निघाला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून बैठक देवळाच्या मागच्या खोलीत भरायला लागली.

खर्चाची मर्यादा तेव्हा नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला २५ हजार, सरपंचाला ५० हजार होती. माझा खर्च मर्यादेच्या आत होता, निम्म्याच्या थोडा वर. पॅम्प्लेटं, डमी मशीन, भोंग्याच्या गाडीतला माझा वाटा, आणि आरसा.

शुक्रवारी जाहीर प्रचार संपला. शनिवारी गाव विचित्र शांत असतं. सगळे फिरत असतात पण कुणी कुणाकडं चाललेलं नसतं. त्याच आठवड्यात फडातल्या ऊसतोडीच्या टोळ्याही निघून गेलेल्या, कारण तिकडं बीडलाही त्याच दिवशी मतदान. माझं-तुझं सगळ्यांचं एकाच रविवारी.

मतदान साडेसातला सुरू होणार, त्याआधी दोन्हीकडच्या प्रतिनिधींसमोर मशीन चालवून दाखवतात. शाळेच्या आवाराबाहेर शंभर मीटरवर दोन पॅनेलची दोन टेबलं, चिठ्ठ्या शोधून देणारी पोरं. मी दिवसभर उन्हात उभी. बोलायचं नाही, चिन्ह दाखवायचं नाही, नुसते हात जोडायचे. दुपारी एकदा आतनं आवाज आला, "आजी, परत या, तुमचं मतदान राहिलंय." आजी रागारागानं परत आत गेली आणि दोन मिनिटांत बाहेर आली. बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सगळ्यात खालचं दाबून आले, घ्या!" सगळ्यात खालचं म्हणजे नोटा. अशा अजून किती, ते मोजायला मी आत नव्हते. साडेपाचला रांग बंद झाली. रात्री तालमीतल्या पोरांनी पडद्यावर फुटबॉलची फायनल लावली, अर्जेंटिना आणि फ्रान्स. दोन्ही पॅनेलची पोरं एकाच सतरंजीवर.

मंगळवारी २० तारखेला विट्याला मोजणी. इतक्या दिवसांची धावपळ आणि आमच्या प्रभागाचा निकाल चहा पिऊन होईस्तोवर लागला. सरपंच आमचा आला, चांगल्या फरकानं. प्रभागातल्या दोन जागा आमच्या. तिसऱ्या जागेवर आक्का नऊ मतांनी. त्याच जागेला नोटा एकवीस.

सरपंच आल्यामुळं गुलाल उधळलाच. कोण पडलं कोण आलं हे बघायला गुलालाला वेळ नसतो. मी डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन ट्रॅक्टरवरनं उतरले, तर सासूबाई भाकरतुकडा आणि पाणी घेऊन दारात. ओवाळून झाल्यावर मी म्हटलं, "आत्या, मी पडले." त्या म्हणाल्या, "मग एवढा गुलाल कशाचा?" आणि तुकडा तसाच ओवाळून बाहेर टाकला.

आठवडाभर लोक येऊन सांगत होते की आमच्या घरातली मतं तुलाच पडली. सगळ्यांची बेरीज केली तर मी बिनविरोध निघाले असते.

निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, पडलेल्यालाही. नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत उभं राहता येत नाही. पडलेले बरेच जण जातच नाहीत. मी पावत्या, बँकेचं पासबुक आणि प्रतिज्ञापत्र घेऊन तहसीलला गेले तर बाकावर आक्का बसलेली, पावत्यांची पिशवी मांडीवर. बरोबर तिचा मुलगा, तोही मोबाईलमध्ये. फॉर्म कसा भरायचा ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी शेजारी बसले आणि तिचा भरायला घेतला. चहा, नाष्टा, मंडप, गाडी, सगळ्याचे दर ठरवून दिलेले असतात, त्या दरानंच लावायचे.

"च्या किती लावू?" मी विचारलं.

"आमच्यात कुठं च्या झाला," आक्का म्हणाली. "समदी तुझ्याच दारात पित बसलेली. सरपंचाची माणसं बी, माझी बी."

"तुझी?"

"मग? हितं काय चाललंय ते बघाय मीच धाडत होते. रोज दोघं." तिनं पिशवीतनं शिट्ट्यांची पावती काढली आणि माझ्या हातात दिली. "ती आधी लिही. आणि त्या गटारीचा अर्ज तू लिहून ठेव, पहिल्या सभेला मी मांडतो. माझं अक्षर बरं न्हाई."